महाकाय एसयूव्हीतील यांत्रिक व विद्युत दोष : कारणे, लक्षणे आणि दक्षता

उंच बांधणी, रुंद टायर आणि सात-आठ जणांना सामावून घेणारी प्रशस्त आसनव्यवस्था यांमुळे पूर्णाकार एसयूव्ही, म्हणजेच सर्वांत मोठ्या वर्गातील स्पोर्ट युटिलिटी व्हेईकल, हे बळकटपणाचे प्रतीक मानले जाते. असे वाहन सहसा बिघडत नाही आणि बिघडलेच तरी घरापर्यंत नक्की पोहोचवते, असा विश्वास अनेक वाहनधारकांत दिसून येतो. प्रत्यक्षात या वाहनांचे बहुतेक दोष त्यांच्या बळातूनच उद्भवतात. मोठे वजन, मोठी उष्णता आणि मोठा विद्युतभार या तीन कारणांशी त्यांतील बिघाडांचा निकटचा संबंध आहे.

या दोषांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारचे दोष वापराने आणि दुर्लक्षाने निर्माण होतात व आवाज, वास, गळती किंवा इशारादिवा यांच्या रूपाने आधी सूचना देतात. दुसऱ्या प्रकारचे दोष कारखान्यातच वाहनात शिरलेले असतात. त्यांची चाहूल चालकाला बहुधा लागत नाही; उत्पादक आणि नियामक यंत्रणा यांच्या तपासातूनच ते उघडकीस येतात. वाहनधारकाला या दोन्ही प्रकारांबाबत सावध राहावे लागते.

वर्ग आणि रचना

पूर्णाकार एसयूव्हींचा वर्ग मुख्यत्वे अमेरिकेत विकसित झाला. शेव्हरोले कंपनीची ‘सबर्बन’ ही गाडी १९३५ पासून याच नावाने ओळखली जाते. शेव्हरोले टाहो, जीएमसी युकॉन, कॅडिलॅक एस्कलेड, फोर्ड एक्स्पिडिशन, लिंकन नेव्हिगेटर, टोयोटा सिक्वोया आणि निसान आर्माडा ही या वर्गातील अन्य परिचित नावे आहेत. आजच्या सबर्बनची लांबी सुमारे पावणेसहा मीटर आहे. भारतात मोठी समजली जाणारी टोयोटा फॉर्च्युनर सुमारे ४.८ मीटर लांबीची असल्याने अमेरिकी मोजमापानुसार ती मध्यम वर्गात मोडते.

आकारात फरक असला तरी रचनेचे सूत्र पुष्कळसे समान आहे. शिडीच्या आकाराच्या पोलादी चासीवर इंजिन, गिअरबॉक्स व धुरा बसविलेल्या असतात आणि वरचा सांगाडा बोल्टच्या साहाय्याने त्यावर जोडलेला असतो. टाहो आणि एक्स्पिडिशन यांची बांधणी अशीच आहे, तसेच फॉर्च्युनर आणि महिंद्रा स्कॉर्पिओ-एन यांचीही. त्यामुळे अमेरिकेतील मोठ्या गाड्यांच्या अनुभवातून मिळणारे धडे भारतीय वाहनधारकांनाही उपयोगी ठरतात.

वजनाचा परिणाम एका साध्या हिशेबावरून ध्यानात येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या अडीच टन वजनाच्या वाहनात सुमारे ९ लाख ६० हजार जूल इतकी गतिज ऊर्जा असते. १२०० किलो वजनाच्या छोट्या मोटारीत त्याच वेगाला ती सुमारे ४ लाख ६० हजार जूल असते. थांबताना ही सर्व ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. टायर, बुश, बॉल जॉइंट व बेअरिंग यांच्यावरही त्याच प्रमाणात अधिक ताण येतो.

इंजिन : तेलाचे महत्त्व

या वर्गातील अनेक वाहनांत आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन वापरले जाते. इंधनाची बचत व्हावी म्हणून जनरल मोटर्सने २००७ च्या टाहो, सबर्बन आणि युकॉन या मॉडेलांपासून, भार कमी असताना आठपैकी चार सिलिंडर तात्पुरते बंद ठेवणारी यंत्रणा या गाड्यांच्या इंजिनांत बसविली. झडपा उघडणाऱ्या ‘लिफ्टर’ या भागाला तेलाच्या दाबाने कार्यरत वा निष्क्रिय करणे, हे या यंत्रणेचे तत्त्व आहे. तेल कमी झाले, जुने झाले किंवा त्यात गाळ साचला तर लिफ्टर अडकतो. प्रारंभी इंजिनातून टिकटिक असा तालबद्ध आवाज येतो. पुढे एखादा सिलिंडर काम करेनासा होतो, इंजिन थरथरते आणि इशारादिवा उघडझाप करू लागतो. या टप्प्यावर वाहन चालवीत राहिल्यास पुशरॉड वाकणे, कॅमशाफ्ट झिजणे असे मोठे नुकसान होते. या पिढीच्या काही इंजिनांत तेल अधिक खर्च होत असल्याच्या तक्रारीही मोठ्या प्रमाणावर नोंदविण्यात आल्या होत्या.

फोर्ड एक्स्पिडिशनमधील ५.४ लिटर क्षमतेच्या, प्रत्येक सिलिंडरला तीन झडपा असलेल्या इंजिनातही तेलाच्या दाबाचाच प्रश्न दिसून आला. झडपांची वेळ बदलणारा ‘कॅम फेझर’ हा भाग तेलाच्या दाबावर चालतो. टायमिंग चेनच्या टेन्शनरचे सील निकामी होऊन दाब घटला की गरम इंजिन मंद गतीवर चालू असताना खडखड ऐकू येते. याच इंजिनाच्या सुरुवातीच्या काळातील स्पार्क प्लग दोन भागांचे बनविलेले होते. ते काढताना खालचा भाग सिलिंडर हेडमध्येच तुटून राहत असे आणि प्लग बदलण्याचे साधे काम खर्चिक होऊन बसे.

कारखान्यातील दोषाचे अलीकडचे ठळक उदाहरण ६.२ लिटर इंजिनाचे आहे. या इंजिनांच्या बिघाडाबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये चौकशी सुरू केली. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने २०२१ ते २०२४ या मॉडेल वर्षांतील टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड आणि त्यांच्याशी संबंधित पिकअप ट्रक परत मागविण्याचे जाहीर केले. अमेरिकेत अशा वाहनांची संख्या सुमारे ६ लाख, तर जगभरात ७ लाखांहून अधिक होती. क्रँकशाफ्ट व कनेक्टिंग रॉड यांच्या निर्मितीतील दोषांमुळे चालत्या गाडीत इंजिन निकामी होण्याचा धोका असल्याचे कंपनीने सांगितले. तपासणीत अनुत्तीर्ण ठरणाऱ्या वाहनांचे इंजिन दुरुस्त करून वा बदलून देण्याची आणि उर्वरित वाहनांत अधिक दाट श्रेणीचे तेल भरण्याची तरतूद करण्यात आली. नियमित देखभाल करणाऱ्या मालकाच्या गाडीतही हा दोष असू शकत होता, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

तेलाच्या बाबतीत वाहनधारकाने पाळावयाचे नियम सोपे आहेत. वाहन सपाट जागेवर उभे करून, इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटांनी मापनपट्टीवर तेलाची पातळी पाहावी. लांबच्या प्रवासापूर्वी आणि एरवी महिन्यातून किमान एकदा ही पाहणी करावी. तेल पुस्तिकेत दिलेल्या श्रेणीचेच असावे. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास पुढच्या गॅरेजपर्यंत जाण्याचा मोह टाळून सुरक्षित जागी इंजिन तत्काळ बंद करावे. त्या अवस्थेत चाललेले दोन-तीन किलोमीटरही बेअरिंग जळण्यास पुरेसे ठरू शकतात.

शीतकरण यंत्रणा

मोठे इंजिन, पूर्ण क्षमतेने बसलेले प्रवासी, चालू असलेला वातानुकूलक आणि चढाचा रस्ता हे चारही घटक एकत्र आले की शीतकरण यंत्रणेची खरी कसोटी लागते. वॉटर पंपाचे सील झिजणे, थर्मोस्टॅट अडकणे, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांना चिरा जाणे आणि पंख्याचा क्लच किंवा मोटर निकामी होणे हे येथील नेहमीचे दोष होत. कुलंटची पातळी वारंवार घटत असेल, पंपाखाली रंगीत डाग दिसत असतील किंवा गाडीच्या आत गोडसर वास येत असेल, तर गळती सुरू झाल्याचे समजावे.

बाहेर कोठेही गळती नसताना कुलंट कमी होणे अधिक चिंताजनक आहे. कुलंट इंजिनाच्या आत शिरत असल्याचे ते लक्षण असू शकते. इंजिन गरम झाल्यानंतरही मागील नळीतून दाट पांढरा धूर येणे आणि तेलाला दुधी रंग येणे या खुणा हेड गॅस्केटच्या बिघाडाकडे निर्देश करतात. काही वाहनांत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्याच टाकीत बसविलेली असते. ती फुटली तर कुलंट थेट गिअरबॉक्समध्ये जातो आणि एका छोट्या भागाच्या दोषापायी संपूर्ण गिअरबॉक्स निकामी होतो.

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागल्यास वातानुकूलक बंद करावा आणि वाहन बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दाबाखालील उकळता द्रव उसळून चेहरा व हात गंभीररीत्या भाजण्याचा धोका असतो. साधे पाणी ही केवळ तात्पुरती सोय असून, नंतर कुलंटचे योग्य मिश्रण भरून घेणे आवश्यक असते.

गिअरबॉक्स आणि चारचाकी चालना

स्वयंचलित गिअरबॉक्सचा प्रमुख शत्रू उष्णता हा आहे. जड वाहन रहदारीत वारंवार थांबत-सुटत असताना, तसेच ट्रेलर ओढताना, गिअरबॉक्सचे तेल तापते आणि त्याचे गुणधर्म बदलतात. गिअर बदलताना झटका बसणे, गिअर टाकल्यानंतर गाडी क्षणभर उशिराने हलणे आणि मध्यम वेगात रस्त्यावरील खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवणे ही तेल बिघडल्याची लक्षणे आहेत. जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये अशी थरथर मोठ्या प्रमाणावर आढळून आली होती. तेलाचा प्रकार बदलणे हा त्यावरील एक प्रमुख उपाय ठरला. त्यामुळे थरथर जाणवताच संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्यास संमती देण्याऐवजी प्रथम तेलाची तपासणी करून घेणे हितावह ठरते.

पुढच्या व मागच्या धुरांत शक्तीची विभागणी करणारी ‘ट्रान्सफर केस’ हा चारचाकी चालनेचा गाभा होय. २००० च्या दशकापर्यंतच्या जनरल मोटर्सच्या काही मोठ्या गाड्यांत या पेटीतील तेलपंप आतून घासून तिच्या आवरणाला भोक पाडत असल्याचे आढळले. तेल संपल्याचे मालकाला कळेपर्यंत आतील साखळी व बेअरिंग खराब झालेले असत. चालना बदलणारी छोटी विद्युतमोटर अडकणे हाही अनेक वाहनांतील सामान्य दोष आहे. ही सोय महिनोन्महिने न वापरणे हे त्यामागील एक कारण असते. त्यामुळे महिन्यातून एकदा वाळू, माती वा ओल्या कच्च्या रस्त्यावर काही अंतर ती वापरावी. ज्या वाहनांत पुढची-मागची चालना कायम जोडलेली नसून चालकाने ती निवडावयाची असते, त्यांत कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ती वापरू नये. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांच्या फेऱ्यांत पडणारा फरक सामावला न गेल्याने धुरा व ट्रान्सफर केस यांवर घातक ताण येतो.

ब्रेक, टायर आणि निलंबन

ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरणे ही मोठ्या एसयूव्हीतील अत्यंत परिचित तक्रार आहे. अतिउष्णतेमुळे ब्रेकच्या चकतीची जाडी सर्वत्र सारखी न राहणे हे तिचे नेहमीचे कारण होय. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ब्रेक तापून त्यांची पकड क्षीण होते. ब्रेकचे तेल हवेतील आर्द्रता शोषून घेते. जुने तेल त्यामुळे कमी तापमानाला उकळते आणि पेडल मऊ पडून खाली जाते. सह्याद्रीतील घाटांसारख्या उताराच्या रस्त्यावर खालच्या गिअरमध्ये उतरणे आणि ब्रेकचे तेल पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलणे, हे दोन नियम जड वाहनासाठी म्हणूनच प्राणरक्षक ठरतात.

ब्रेकला साहाय्य करणाऱ्या यंत्रणेतील दोषही गंभीर असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये जनरल मोटर्सने २०१४ ते २०१८ या मॉडेलांचे सुमारे ३४ लाख ५० हजार पिकअप ट्रक व मोठ्या एसयूव्ही परत मागविल्या. ब्रेकला बळ देणाऱ्या निर्वात पंपाची क्षमता कालांतराने घटून थांबण्याचे अंतर वाढण्याची शक्यता निर्माण झाली होती. पेडल नेहमीपेक्षा कठीण लागणे हे अशा दोषाचे लक्षण असते.

उंच वाहनाचा गुरुत्वमध्य वर असल्याने टायरचा दोष त्यात अधिक धोकादायक ठरतो. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत सुमारे ६५ लाख फायरस्टोन टायर परत मागविण्यात आले. धावताना त्यांचा वरचा थर सुटून, विशेषतः फोर्ड एक्स्प्लोरर या मध्यम आकाराच्या एसयूव्ही उलटत होत्या. या प्रकरणानंतर त्याच वर्षी तेथे संमत झालेल्या कायद्यातून पुढे टायरमधील हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सर्व नव्या मोटारींत अनिवार्य करण्यात आली. हवेचा दाब टायर थंड असताना मोजावा आणि चालकाच्या दरवाजाजवळील पट्टीवर दिलेल्या आकड्यानुसार ठेवावा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादा दर्शवितो. तो नेहमीचा दाब नव्हे. बाहेरून सुस्थितीत दिसणाऱ्या टायरचे रबरही कालांतराने कडक होते. त्याची निर्मितीची वेळ कडेवरील चार अंकांवरून कळते. उदाहरणार्थ, ‘१५२३’ म्हणजे २०२३ मधील पंधरावा आठवडा.

महागड्या एसयूव्हींत पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या वापरल्या जातात. पिशवीला बारीक चीर गेली की रात्रभर उभी असलेली गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. गळती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि अखेर जळतो. पिशवी वेळीच बदलल्यास कॉम्प्रेसरचा खर्च वाचू शकतो.

विद्युत यंत्रणा

आधुनिक एसयूव्हीत विजेवर चालणारी आसने, दरवाजे, पडदे, कॅमेरे आणि अनेक संगणकीय नियंत्रक असतात. वाहन बंद असतानाही यांपैकी काहींना अल्प विद्युतप्रवाह लागतो. साधारणतः ५० मिलिॲम्पिअरपर्यंतचा असा प्रवाह सामान्य मानला जातो. या हिशेबाने दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास वीज खर्च होते आणि ७० ॲम्पिअर-तास क्षमतेची बॅटरी अर्धी रिकामी होण्यास सुमारे महिना लागतो. मात्र एखादा रिले चिकटून राहिला किंवा बाहेरून बसविलेले उपकरण चालू राहिले आणि हा प्रवाह ५०० मिलिॲम्पिअरवर गेला, तर तीच बॅटरी तीन दिवसांतच अर्धी होते. ‘नवीन बॅटरी बसवूनही ती उतरते’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

एकाच वेळी अनेक असंबद्ध इशारादिवे लागणे, दिवे मंद-प्रखर होणे आणि सेल्फ मारताना केवळ टकटक आवाज येणे या लक्षणांत प्रथम बॅटरीचा दाब, तिची टोके आणि चासीला जोडलेली अर्थिंगची तार तपासावी. बंद वाहनात पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो साधारणतः १३.५ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान असावा. नव्या वाहनांत मात्र अल्टरनेटरचा दाब गरजेनुसार बदलत असल्याने एकाच नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. गंजलेली अर्थिंगची तार स्वच्छ करण्याचे काम किरकोळ खर्चात होते. निदान न करता नियंत्रक बदलत गेल्यास मात्र मोठी रक्कम खर्ची पडते. २००० च्या दशकातील टाहो व सबर्बन या गाड्यांत वेगाचे व इंधनाचे काटे अडकत किंवा चुकीचे आकडे दाखवीत. दोष इंजिनात नसून फलकाच्या मागील छोट्या मोटरमध्ये असे.

विद्युत दोषाचे सर्वांत भीषण रूप म्हणजे आग. फोर्ड कंपनीच्या अनेक वाहनांत क्रूझ कंट्रोल बंद करणारा स्विच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर बसविलेला होता आणि त्यात सदैव वीज वाहत असे. आतील पडदा फुटून ब्रेकचे तेल विद्युत भागात शिरल्यास गाडी बंद अवस्थेत उभी असतानाही पेट घेऊ शके. १९९९ ते २००९ या काळात टप्प्याटप्प्याने सुमारे १ कोटी ४० लाख वाहने या कारणास्तव परत मागविण्यात आली. त्यांत एक्स्पिडिशन व नेव्हिगेटर यांचाही समावेश होता. मे २०२२ मध्ये पुन्हा २०२१ च्या मॉडेलातील एक्स्पिडिशन व नेव्हिगेटरच्या मालकांना गाडी इमारतीपासून दूर, उघड्यावर उभी करण्याची सूचना देण्यात आली. बॅटरीजवळील जोडणीपेटीच्या छापील मंडलात शॉर्टसर्किट होण्याची शक्यता आढळली होती.

भारतीय रस्त्यांवर बाहेरून बसविलेले प्रखर दिवे, कर्कश भोंगे व ध्वनियंत्रणा हेही आगीला निमंत्रण देऊ शकतात. मूळ तार कापून केलेली जोडणी, फ्यूज नसलेली तार आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी बसविलेला जास्त क्षमतेचा फ्यूज या तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. फ्यूज उडणे हा दोष नसून दोषाची सूचना आहे. पावसाळ्यात व थंडीत बॉनेटखाली आश्रय घेणारे उंदीर तारा कुरतडतात. त्यामुळे बरेच दिवस उभे असलेले वाहन सुरू करण्यापूर्वी आत एकदा पाहणे इष्ट ठरते.

पूर, गंज आणि काजळी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा जलप्रलयात उंच एसयूव्ही सहज पार होईल, हा समज महागात पडू शकतो. हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये गेले तर ते हवेप्रमाणे दाबले जात नाही. पिस्टन अडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडल्यास पुन्हा सेल्फ मारू नये, हा या बाबतीतील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. बंद पडलेले इंजिन पुष्कळदा वाचविता येते. पाणी शिरल्यानंतर पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात मात्र ते निकामी होऊ शकते. अशा नुकसानीची भरपाई सामान्य विमा पॉलिसीतून नाकारली जाण्याचा संभव असल्याने इंजिन संरक्षणाचे अतिरिक्त कलम घेतले आहे किंवा नाही, हे पावसाळ्यापूर्वी पाहावे.

शिडीसारख्या चासीचा मोठा शत्रू गंज हा आहे. अमेरिकेत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकले जाते. तेथे चासी गंजल्याच्या तक्रारींवरून टोयोटाच्या टॅकोमा व टुंड्रा या पिकअप ट्रकबरोबर काही सिक्वोया गाड्यांच्या मालकांशीही कंपनीला न्यायालयीन तडजोड करावी लागली. कोकण, गोवा व अन्य किनारपट्टीवरील खारी हवाही चासीला अशीच घातक आहे. वरून चकचकीत असलेली जुनी एसयूव्ही विकत घेताना ती लिफ्टवर चढवून चासी खालून तपासल्याखेरीज व्यवहार करू नये.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यानंतर डिझेल एसयूव्हींत काजळी गाळणारे डीपीएफ हे गाळणे आले. साचलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान पुरेसे वाढावे लागते. केवळ शहरातील छोट्या फेऱ्यांत ते वाढत नाही आणि गाळणे तुंबते. त्याचा दिवा लागताच पुस्तिकेतील सूचनेप्रमाणे महामार्गावर स्थिर वेगाने काही काळ वाहन चालवावे. दुर्लक्ष केल्यास शक्ती घटते आणि पुढील उपाय कार्यशाळेतच करावे लागतात.

वाहने परत मागविण्याची व्यवस्था

सदोष वाहने परत मागविण्याबाबत भारतीय वाहन उत्पादकांच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वेच्छेची संहिता स्वीकारली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०-अ नुसार केंद्र सरकारला सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार प्राप्त झाला. त्यासंबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. परत मागविलेल्या वाहनातील दोषाची दुरुस्ती मालकाकडून मूल्य न घेता केली जाते. कंपनीचे पत्र बहुधा मूळ मालकाच्या पत्त्यावर जात असल्याने जुनी गाडी घेणाऱ्यांनी सतरा अक्षरांकांचा चासी क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवा केंद्रात स्वतः तपासून घ्यावा.

वाहनधारकांसाठी संक्षिप्त सूचना

लाल इशारादिवा : वाहन सुरक्षित जागी थांबवावे. तेलाचा दाब, तापमान व ब्रेक यांचे लाल दिवे लागले असता प्रवास सुरू ठेवू नये.

पिवळा स्थिर दिवा : वाहन सावकाश चालवून लवकरात लवकर तपासणी करून घ्यावी. इंजिनाचा दिवा उघडझाप करीत असल्यास वेग त्वरित कमी करून वाहन थांबवावे.

जमिनीवरील डाग : काळपट तपकिरी डाग इंजिनाच्या तेलाचा, लालसर डाग बहुधा गिअरबॉक्स वा स्टिअरिंगच्या तेलाचा आणि हिरवा, गुलाबी वा नारिंगी डाग कुलंटचा असू शकतो. वातानुकूलकाखालील स्वच्छ पाणी हा दोष नव्हे.

वास : गोडसर वास कुलंटचा, जळक्या रबराचा वास पट्ट्याचा किंवा तारेचा असू शकतो. जळक्या तारेचा वास आल्यास वाहन थांबवून सर्वांना प्रथम बाहेर काढावे.

दुरुस्तीपूर्वी : संगणकीय तपासणीतील दोषसंकेताची लेखी नोंद मागावी. संकेत हा दोषाच्या दिशेचा निर्देश असतो. कोणता भाग बदलावा याचा अंतिम निर्णय तो नव्हे.

भार : छतावरील सामान, प्रवासी व ट्रेलर यांचे एकत्रित वजन पुस्तिकेतील मर्यादेत ठेवावे.

मोठ्या एसयूव्हीची चासी, इंजिन आणि आसने आकाराने भक्कम असली तरी तिची सुरक्षितता एका सीलवर, एका तारेवर आणि काही लिटर तेलावर अवलंबून असते. महिन्यातून काही मिनिटांची पाहणी आणि वर्षातून एकदा चासी क्रमांकाची पडताळणी, एवढी दक्षता घेतल्यास या वाहनांतील अनेक मोठे बिघाड लहान असतानाच लक्षात येऊ शकतात. त्या वाहनातून घाट उतरणाऱ्या कुटुंबाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ही दक्षता अत्यावश्यक आहे.